एका रात्रीपुरतं नागपूर

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘रात्र’ हा विषय दिला. नागपूरच्या रात्रीवर लिहायचं तर खर्र्याचे ठेले आहेत, फुटाळा तलावाच्या काठावरची गर्दी आहे, उजाडायच्या आत पेटणारे पोह्यांचे गाडे आहेत. मला मात्र पाठीवर सॅक टाकून एका रात्रीसाठी या शहरात येणाऱ्या पोरापोरींवर लिहायचं होतं. हिवाळ्यातल्या शनिवारी नागपूर स्टेशनवर घटकाभर उभं राहिलं की ती दिसतात. गोंदिया, तिरोडा, वर्धा, बल्लारशा, बडनेरा अशा ठिकाणांहून आलेली असतात. परीक्षा नसते, लग्न नसतं, देवदर्शनही नसतं. आवडत्या डीजेला याचि डोळा पाहायचं आणि त्याच्या गाण्यांवर दोन तास नाचायचं, एवढ्यासाठी त्यांनी घर सोडलेलं असतं.

बहुतेक विशीच्या आतबाहेरची. कुणी डिप्लोमाला, कुणी बी.कॉम.ला, कुणी मोबाइलच्या दुकानात कामाला, कुणाची एमआयडीसीतली पहिलीच नोकरी. खिशात दोन-अडीच हजार रुपये. त्यातच कार्यक्रमाचं तिकीट, गाडीभाडं, दोन वेळचं खाणं आणि जमलंच तर पाठ टेकायला जागा. घरी काय सांगून आलात, असं विचारलं की एकमेकांकडे बघून हसतात. पण अनेकांनी खरं सांगितलेलं असतं. आईनं डब्यात चिवडा दिलेला असतो आणि बापानं परत कधी येणार हे तीनतीनदा विचारलेलं असतं.

मौज करायला चालली आहेत, असं म्हणून हा प्रवास बाजूला सारू नये. घरच्या माणसांशिवाय परगावी काढलेली पहिली रात्र, स्वतःच्या पैशांचा स्वतः लावलेला पहिला हिशेब हे त्यांच्या वाट्याला या निमित्तानं येतं. ते कसं जमवतात आणि शहर त्यांना किती जमवू देतं, हे बघायला गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या मागे हिंडलो.

मध्यावर असूनही वाटेवर नाही

देशाचा मध्य म्हणून दाखवला जाणारा झिरो माइलचा खांब नागपुरात आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही लोहमार्गांची गाठ इथेच पडते. तरी मोठ्या डीजेंचे दौरे नागपूरला वळसा घालून जातात. २०२४ साली ॲलन वॉकरनं भारतात दहा शहरांचा दौरा केला. त्यात शिलाँग होतं, नागपूर नव्हतं.

कारणं समजण्यासारखी आहेत. परदेशी डीजेची बिदागी, हॉटेल, विमान, ध्वनियंत्रणा या सगळ्याचा खर्च पहिल्या तिकिटाआधीच उभा राहतो. तो भरून निघायला एक तर दहा-पंधरा हजार माणसं चढ्या दरानं आली पाहिजेत, नाहीतर मोठा प्रायोजक पाहिजे. नागपुरात छत असलेलं आणि उभ्यानं नाचता येईल असं मोठं सभागृह सहज मिळत नाही. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह चांगलं आहे, पण ते सुमारे दोन हजार खुर्च्यांचं नाट्यगृह आहे आणि खुर्च्यांमध्ये कोण नाचणार? जामठ्याचं स्टेडियम क्रिकेटचं. उरतात वर्धा रोडवरची लग्नाची लॉन्स, कॉलेजांची मैदानं आणि व्हीएनआयटीच्या ‘आरोही’सारखे विद्यार्थ्यांचे महोत्सव. खासदार सांस्कृतिक महोत्सव हिवाळ्यात ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर भरतो आणि तिथे मोठमोठे गायक विनातिकीट ऐकायला मिळतात. विदर्भातल्या अनेकांनी पहिला मोठा मंच, पहिला एलईडी पडदा तिथेच पाहिलेला आहे.

लॉन्सवर येतात ते आपल्याकडचे डीजे. त्यांची नावं या पोरांना तोंडपाठ असतात, गाण्यात बेस नेमका कुठे पडतो तेही ठाऊक असतं. मुंबईच्या मुलांना जे घराजवळ मिळतं, त्यासाठी यांना सव्वाशे-दीडशे किलोमीटर यावं लागतं. आणि मुंबईपेक्षा हे तरी जवळ, असंच ती मानतात.

बहुतेक येतात रेल्वेनं. मेमूचं साधं तिकीट सर्वांत स्वस्त. भंडाऱ्याच्या मुलांना स्टेशन गावात नाही, वरठीला आहे, त्यामुळे ती थेट बसनं गणेशपेठेत उतरतात. मुली तर एसटीच पसंत करतात आणि त्यामागे पक्का हिशेब आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. यवतमाळहून आलेल्या मैत्रिणींच्या एका घोळक्यानं मला सांगितलं, की ही सवलत नसती तर त्या आल्याच नसत्या, कारण वाचलेल्या पैशांतूनच त्यांनी कार्यक्रमाचं तिकीट काढलं होतं. सवलत जाहीर करताना सरकारच्या डोळ्यांसमोर बाजार, दवाखाना, कॉलेज असणार. डीजेचा कार्यक्रम नसणारच. पण स्वस्त गाडी मिळाली की माणूस कुठे जातो, हे त्याचं तो ठरवतो, आणि ते तसंच असावं.

सॅक ठेवायची कुठे

या सहलीतली पहिली अडचण पाठीवरच असते. कार्यक्रमाच्या गेटवर मोठी बॅग चालत नाही. छोटी कमरपट्ट्याची पिशवी किंवा फार तर वहीएवढी पर्स आत जाऊ देतात. सॅक, पाण्याची बाटली, डिओ, पॉवर बँक बाहेर. सुरक्षेच्या दृष्टीनं हा नियम बरोबर आहे. पण गोंदियाहून आलेल्या मुलाचं घर त्या सॅकमध्ये आहे, ते तो कुठे ठेवणार?

स्टेशनवर क्लोक रूम आहे. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि सामानाला कुलूप असावं लागतं. सॅकच्या चेनला कुलूप कोण लावतं? अनुभवी पोरं स्टेशनबाहेरून छोटं कुलूप विकत घेतात आणि दोन चेनच्या कड्यांतून अडकवतात. नवखी पोरं खिडकीवरून परत फिरतात. एका घोळक्यात मी पाहिलं, पाच जणांचं सामान दोन सॅकमध्ये कोंबलं, दोन कुलपं घेतली आणि पाचऐवजी दोनच नगांचे पैसे भरले. ही युक्ती त्यांना आदल्या वर्षी येऊन गेलेल्या मित्रानं शिकवली होती. या प्रवासाची सगळी माहिती अशीच तोंडोतोंडी पुढे जाते.

रात्रीच्या जागेचं गणित आणखी अवघड. स्टेशनवर रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असते, पण तिचं आरक्षण करायला पीएनआर लागतो आणि मेमूच्या साध्या तिकिटावर तो नसतोच. सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांत, गांधीबागेत, सेंट्रल अव्हेन्यूवर लॉज आहेत. चौघांनी मिळून एक खोली घेतली तर परवडते, पण चौघांना एका खोलीत घ्यायला सगळेच तयार नसतात. आधार कार्डावर नागपूर जिल्ह्याचा पत्ता असेल तर काही ठिकाणी तोंडावर नाही म्हणतात. त्यामुळे रामटेक किंवा उमरेडच्या मुलाची पंचाईत होते. रात्री अकराला त्याच्या गावची बस नाही आणि लॉजवाल्याच्या लेखी तो ‘लोकल’. मुलामुलींचा मिश्र घोळका असेल तर प्रश्नच मिटला. मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा कुणाची तरी मावशी, आत्या किंवा होस्टेलवरची मैत्रीण कामी येते. होस्टेलचं दार मात्र रात्री लवकर बंद होतं, म्हणजे मैत्रिणीकडे राहायचं तर कार्यक्रम अर्ध्यावर सोडून निघावं लागतं.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की हा पेच आणखी घट्ट होतो. आमदार, अधिकारी, पोलीस, मोर्चेकरी, पत्रकार असं सगळं राज्य शहरात उतरतं. खोल्यांचे भाव चढतात, साधी लॉजही भरून जातात. डीजेंच्या कार्यक्रमांचा हंगामही नेमका तेव्हाचाच, कारण उन्हाळ्यात नागपुरात संध्याकाळीसुद्धा उघड्यावर कुणी उभं राहत नाही.

तर्री, मेट्रो आणि अजब बंगला

सकाळी उतरलेल्या पोरांकडे संध्याकाळपर्यंत अख्खा दिवस असतो, आणि या दिवसात नागपूर त्यांना भरभरून देतं. स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन झालं की पहिला मुक्काम तर्री-पोह्यांचा. पसाभर पोहे, त्यावर हरभऱ्याची लाल तर्री, वरून कच्चा कांदा आणि लिंबू. प्लेटमधली तर्री संपली की पुन्हा मागायची, पोहेवाला त्याचे वेगळे पैसे धरत नाही. वीस-तीस रुपयांत दुपारपर्यंतची सोय होते. मुंबई-पुण्यात एवढ्या पैशांत एवढं पोट भरत नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

मग मेट्रो. नागपूर मेट्रोची पहिली गाडी ८ मार्च २०१९ रोजी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही एक मार्गिका, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही दुसरी आणि दोघींची भेट सीताबर्डीला. गावाकडून आलेल्या मुलांसाठी मेट्रो हे नुसतं वाहन नाही. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असं ३.१४ किलोमीटर लांबीचं बांधकाम आहे. त्यावरून जाताना सगळे खिडकीला चिकटतात आणि व्हिडिओ काढतात. थंडगार डब्यात चार्जिंगची जागा शोधत काही जण या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते बसून जातात. त्यांना कुणी हटकत नाही, ही या शहराची चांगुलकी.

सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय आहे, नागपूरकरांचा अजब बंगला. राहाटे कॉलनीच्या मेट्रो स्टेशनवरून दीक्षाभूमी चालत गाठता येते. बरीच मुलं कार्यक्रमाला जाण्याआधी तिथे जातातच. चपला काढून, हात जोडून, स्तूपाच्या आत थोडा वेळ बसून येतात. संध्याकाळी अंगात घालायचा चमकदार टी-शर्ट तोवर सॅकमध्ये घडी करून ठेवलेला असतो. अंबाझरी आणि फुटाळा हे दोन तलाव फुकटात संध्याकाळ काढायला आहेत. दुपारी पैसे शिल्लक असतील तर सावजी भोजनालय. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून बाहेर आलेला हा झणझणीत रस्सा. मांसाहारी नसाल तर पाटोडीचा रस्सा घ्या. पण त्याच संध्याकाळी नाचायचं असेल तर जरा जपून, हा सल्ला मला मुलांनीच दिला.

गेटच्या आत

तिकिटाचा आकडा बघा. स्वस्त वर्गाचं तिकीट फार वेळा ४९९ रुपयांना असतं. यात दुकानदारीची जुनी सवय आहेच, पण करही आहे. संगीताच्या कार्यक्रमाचा प्रवेश पाचशे रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, त्यावर गेला की १८ टक्के लागतो. म्हणजे पाचशेची रेघ ओलांडली की तिकीट एकदम उडी मारतं. विद्यार्थ्यांना परवडणारा वर्ग ठेवायचा तर आयोजकाला त्या रेघेच्या आत राहावं लागतं. ही रेघ आहे म्हणून तिरोड्याचा मुलगा आत येऊ शकतो.

गेटवर मनगटाला कागदी पट्टी बांधतात. पट्टीचा रंग वयावरून ठरतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, कडक दारूसाठी २५ ची. या मुलांमध्ये बहुतेकांची पट्टी बिनदारूची असते आणि वर्धा, गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतून आलेल्यांकडे आयोजकांचे लोक जरा बारकाईनं बघतात. मला दिसलेली पोरं मात्र पाण्यासाठी भांडत होती. बाहेरची बाटली गेटवर काढून घेतली आणि आत तीच बाटली दुप्पट-तिप्पट दरात. ज्याच्या खिशात परतीच्या भाड्यापुरतेच पैसे आहेत त्यानं तीन तास नाचायचं आणि तहानलेलं राहायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही. पाणी फुकट दिलं पाहिजे.

मंचावर आधी स्थानिक डीजे येतो. त्याचं काम सर्वांत नाजूक आणि सर्वांत कमी कौतुकाचं. मुख्य पाहुण्याची गाणी त्यानं वाजवायची नाहीत, ठोके फार चढवायचे नाहीत आणि तरी रिकाम्या मैदानात हळूहळू जमणाऱ्या माणसांना पाय हलवायला लावायचं. हाउस संगीताची चाल साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांची असते. सुरुवात करणारा त्याच्या जरा खालीच राहतो, म्हणजे पाहुण्याला चढायला जागा उरते. मी बघत होतो तो मुलगा कानाला हेडफोनची एकच बाजू लावून पुढचं गाणं ऐकत होता आणि दुसऱ्या कानानं मैदानात चालू असलेलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी प्लेअरची कड अगदी किंचित ढकलायची, दोन्ही गाण्यांचे ठोके एकमेकांवर आले की जुन्या गाण्याचा बेस कापायचा आणि नव्याचा उघडायचा. हे इतकं हळूवार, की समोरच्या गर्दीला गाणं बदललेलं कळतही नाही, फक्त अंग आणखी हलायला लागतं. तो मुलगा आठवडाभर लग्नाच्या वराती वाजवतो आणि महिन्यातून एखादी अशी रात्र त्याच्या वाट्याला येते.

मुख्य पाहुणा येताना बहुधा एक पेन ड्राइव्ह आणि स्वतःचा हेडफोन एवढंच आणतो. प्लेअर, मिक्सर, भोंगे सगळं त्यानं आधी पाठवलेल्या यादीप्रमाणे आयोजकानं उभं केलेलं असतं. तो आल्यावर मैदानाचा नूर पालटतो. मागच्या रांगा धावत पुढे येतात. बेस उतरण्याआधी तो दोन क्षण सगळं थांबवतो आणि त्या दोन क्षणांत हजार-दोन हजार माणसं श्वास धरून उभी असतात. इतके तास गाडीत काढून ज्यासाठी आले ते हेच. घरी मोबाइलच्या भोंग्यातून ऐकलेलं गाणं इथे पोटात वाजतं. पन्नास हर्ट्झच्या बेसची लहर जवळपास सात मीटर लांब असते. ती छोट्या भोंग्यात मावत नाही, तिला मोठ्या पडद्याचा भोंगा आणि मोकळी जागा लागते. ध्वनिमुद्रण कितीही चांगलं असलं तरी हे शरीरानं तिथे जाऊनच मिळतं.

धुमालच्या गावात

हे वेड इंटरनेटमुळे आलं असं समजणाऱ्यांनी नागपूरच्या रस्त्यावर एकदा उभं राहावं. ताजुद्दीन बाबांच्या उर्सातला संदल, पोळ्याच्या पाडव्याला निघणारी मारबत, १३ एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौक आणि दीक्षाभूमीकडे लोटणारी भीमजयंतीची गर्दी... वाजवणाऱ्यामागे जाण्याची या शहराची सवय जुनी आहे. नागपूरपासून गोंदिया, बालाघाट आणि थेट दुर्ग-रायपूरपर्यंतच्या पट्ट्यात धुमाल आहे. गाडीवर भोंग्यांची भिंत, कीबोर्डवर गाण्याची चाल आणि पुढे-मागे ताल धरणाऱ्यांची फौज. धुमाल पार्ट्यांची नावं पोरांना क्रिकेटच्या संघांसारखी माहीत असतात. कुठली पार्टी कुठे वाजणार हे कळलं की दुचाकीवरून पन्नास-साठ किलोमीटर तोडून जातात, सगळं मोबाइलवर टिपतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा. लॉनवर तिकीट काढून आलेला श्रोता तिथेच घडलेला असतो.

मोठ्या डीजेंनीही हे ओळखलं. न्यूक्लिया या नावानं वाजवणाऱ्या उद्यान सागर यांनी २०१५ साली ‘बास रानी’ हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत लोकांसमोर आणला. रस्त्यावरच्या बँजो-ताशाचा नाद त्यांच्या संगीताच्या मुळाशीच आहे. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ आलं, तेही स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीकडून. हाउसच्या ठोक्यावर मराठी शब्द आणि ते जगभरच्या डीजेंच्या यादीत. विदर्भातल्या मुलांशी बोलताना या गाण्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा बदलतो. आपली भाषा या मंचावर चालते, हे त्यांनी पाहिलं आहे.

आवाजाचा त्रास खरा आहे, तोही सांगितलाच पाहिजे. भोंग्यांच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणाऱ्यांचे कान कायमचे अधू होऊ शकतात, लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला तर पडदा भाजतो. शेजारच्या घरातल्या आजाऱ्याला काय वाटतं ते त्या घरात बसल्याशिवाय कळत नाही. या मुलांनी कानात घालायचे फोमचे बोळे सोबत ठेवावेत. औषधाच्या दुकानात ते थोडक्या पैशांत मिळतात आणि संगीत त्यातूनही ऐकू येतं.

दोन ‘दहा’

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, ठरावीक सणसमारंभांना, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. मैदानाच्या हद्दीवर आवाज किती असावा यालाही मर्यादा आहे, कोणत्याही परिस्थितीत ७५ डेसिबलच्या आत. म्हणून नागपुरातला उघड्यावरचा कार्यक्रम दिवेलागणीला सुरू होतो, मुख्य पाहुणा साडेआठच्या सुमारास येतो आणि दहाच्या ठोक्याला आवाज बंद होतो. शेवटची पाच मिनिटं पोलीस ध्वनिकक्षाशेजारी घड्याळ बघत उभे असतात. गर्दी ‘एक और’ म्हणून ओरडते, पण दहा म्हणजे दहा. हा नियम मला मान्य आहे.

अडचण दुसऱ्या ‘दहा’ची आहे. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या टोकाच्या स्टेशनांवरून रात्री दहालाच सुटतात. दहाला आवाज थांबला, गेटपर्यंत पोचायला वीस मिनिटं, तिथून मेट्रोचं स्टेशन पुन्हा पायी. मेट्रो गेलेली असते. हजारभर पोरं वर्धा रोडच्या कडेला, रात्रीच्या थंडीत घामेजलेल्या कपड्यांत उभी. ॲपवरची रिक्षा वाटेल तो भाव दाखवते. रस्त्यावरची रिक्षा माणशी मोजते. स्टेशन दहा-बारा किलोमीटरवर. ज्या मेट्रोनं सकाळी काही रुपयांत आणलं, तेच अंतर आता कार्यक्रमाच्या तिकिटाइतक्या पैशांत पडतं. काही जण चालायला लागतात. मुलींचे घोळके उजेडाच्या जागी थांबून घरी फोन लावतात.

आणि यावरचा उपाय नागपुरानं स्वतःच करून दाखवलेला आहे. जामठ्याला दिवस-रात्रीचा सामना असतो तेव्हा मेट्रो नेहमीच्या वेळेनंतरही चालवली जाते. क्रिकेट पाहून येणाऱ्याला घरी पोचवायचं शहराला कळतं, तर गाणं ऐकून येणाऱ्याचं का कळू नये?

स्टेशनवर पोचलेल्यांची रात्र प्रतीक्षालयात किंवा फलाटावर जाते. जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरतो. सॅकमधलं जाकीट बाहेर निघतं, दोघांत एक चादर पुरवली जाते, मोबाइल चार्जिंगच्या खांबाभोवती आळीपाळीनं पहारा होतो. आधीच्या तासाभराचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले जातात. गोंदियाच्या बऱ्याच गाड्या इतवारीहून सुटतात, त्यामुळे तिकडच्या मुलांना पहाटे पुन्हा शहर ओलांडायचं असतं.

नागपुरातून पुढे

काही नागपूरकरांना इथलं पुरत नाही. १४ मार्च २०२५ ला, धुळवडीच्या दिवशी, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डीजे मार्टिन गॅरिक्सचा कार्यक्रम झाला. नागपूर ते मुंबई लोहमार्गानं ८३७ किलोमीटर. रात्रभराच्या गाडीनं कल्याण, तिथून लोकलनं ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं नेरुळ ही वाट इकडच्या पोरांना आता पाठ आहे. खरी कसरत आरक्षणाची असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. कार्यक्रम जाहीर होतो त्याच्या कितीतरी आधी, म्हणून तिकीट आधी काढायचं आणि गाडी नंतर बघायची. होळीच्या गर्दीत ती गाडी मिळाली नाही तर तत्काळ, तेही नाही तर जनरलचा डबा. २००७ साली गोव्यातल्या कांदोळीत सुरू झालेला सनबर्न हा डीजेंचा महोत्सव २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला गेला, तेव्हाही पुण्याच्या गाड्यांत नागपूरची पोरं होती. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाल्यापासून गाडी भाड्यानं घेऊन जाणारेही निघाले आहेत. त्यांना एकच विनंती, नाचून झाल्यावर त्याच रात्री ७०१ किलोमीटर चालवत परत फिरू नका. त्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर डोळा लागतो.

लाखोंना जागा देणारं शहर

परवडत नाही, जागा नाही, असं नागपुरानं म्हणू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली तेव्हा लाखो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती. आजही दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक एक पिशवी घेऊन उतरतात. विशेष गाड्या सुटतात, शाळांची दारं उघडतात, वस्त्यावस्त्यांतून लोक भोजनदानाचे मंडप टाकतात, पाण्याचे टँकर उभे राहतात. कुणी कुणाला आधार कार्डावरचा पत्ता विचारत नाही. त्या दिवसाची थोरवी वेगळी आहे आणि डीजेच्या रात्रीची तिच्याशी तुलना मी करत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो, की खिसा रिकामा असलेल्या पाहुण्याला कसं सांभाळायचं ते या शहराला भारतातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

मागणी फार नाही. मोठा कार्यक्रम असेल त्या रात्री मेट्रो साडेअकरापर्यंत चालवावी आणि तिचा खर्च आयोजकाकडून तिकिटामागे थोडा घ्यावा. परवाना देताना गेटवर पिण्याचं पाणी आणि सामान ठेवायची खोली या दोन अटी घालाव्यात. स्टेशनजवळ मुलामुलींसाठी वेगवेगळी, साध्या तिकिटावरही खाट मिळेल अशी एक स्वस्त डॉर्मिटरी महापालिकेनं उघडावी. आणि नागपूरकरांनो, हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री वर्धा रोडवर पाठीवर सॅक घेतलेली पोरं हात दाखवताना दिसली आणि तुमच्या गाडीत जागा असली, तर थांबा. त्यांना स्टेशनवर सोडा.